चतुःसीमा

बागूल सिस्टर आल्या दुपारी दोनला.
अमळनेर कचेरीच्या पत्र्याखाली प्रिंटरसुद्धा धापा टाकत होता.
पिशवीतून चष्म्याची डबी काढली, आधारची झेरॉक्स,
आणि म्हणाल्या,
‘भाऊ, माले मराना कागद करना शे.’

मृत्युपत्र? वाटणीचं?
‘वाटाले मनाजोडे काय शे?’
मग त्यांनी दवाखान्यातलं मराठी काढलं,
घडी न मोडलेल्या साडीसारखं:
शुद्ध हरपली, आणि परत येण्यासारखी नसली,
तर घशात नळी नको. छाती दाबणं नको.
नाकातून पेज नको. धुळ्याला हलवणं नको.

बावीस वर्षं मी दस्त लिहितो.
खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र,
हरवलेल्या म्हशीचं प्रतिज्ञापत्रसुद्धा.
याचा नमुना माझ्याकडे नव्हता.

कोर्टानं नळी काढायला हो म्हटलंय, सुई टोचायला नाही,
एवढं मला वकिलांच्या चहामुळे ठाऊक.
सिस्टर म्हणाल्या, सुई मी मागतच नाही.
सदतीस वर्षं टोचल्या, त्या जगवायला.
थोड्या थांबल्या.
‘पण मागणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.
पारोळ्याच्या वॉर्डात एक लोहार होता, जबड्याचा कॅन्सर.
बोलता यायचं नाही, पाटीवर लिहायचा: आता.
रोज तेवढंच. आता.
मी रोज पाटी पुसायचे.’

मला दुसरंच दिसत होतं.
बहादरपूर रोडचा म्हातारा, खाटेवर, डोळे पांढरे,
मुलानं मनगट धरलेलं
आणि अंगठ्याला शाई लावणारा मी.
बक्षीसपत्र. शेत, विहिरीसह.
अंगठा अजून गार झालेला नव्हता,
एवढंच मी स्वतःला सांगत आलोय.
उद्या सुईचाही कायदा झाला
तर कागद याच टेबलावर यायचा,
आणि मनगट धरायला कोणीतरी असायचंच.

हे मी बोललो. सगळं नाही.
अंगठा सांगितला, शाई कोणाची ते नाही.
‘म्हणूनच आज आले,’ सिस्टर म्हणाल्या,
‘पायी, ऊन डोक्यावर घेऊन. कोणी धरून आणलं नाही.
अंगठा नाही, सही करते. बघ हात.’
हात थरथरत होता.
त्यांनी तो टेबलावर ठेवला, दुसऱ्या हातानं धरला,
पेशंटची नाडी बघावी तसा.
‘यांना अठरा दिवस मशीनवर ठेवलं.
पोरगा म्हणाला, आई, लोक काय म्हणतील.
त्याला आकडा वाचता येत नव्हता. मला येत होता.
वाचता येणं वाईट, भाऊ.’

टाइप केलं जुन्या मृत्युपत्रावरूनच, नावं बदलून.
प्रिंट निघाली तर खाली राहून गेलेलं:
मिळकतीचे वर्णन. चतुःसीमा.
पूर्वेस :      पश्चिमेस :
दक्षिणेस :      उत्तरेस :
सिस्टर हसल्या, पहिल्यांदाच, हातानं दात झाकून.
‘भर की. पूर्वेले पोऱ्या. पश्चिमेले डाक्टर.
दक्षिणले तर तो शेच.’
आणि उत्तरेला?
‘उत्तर कोनले भेटस?’

ओळी खोडल्या, पुन्हा प्रिंट काढली.
दोनशे घेतले, घासाघीस झाल्यावर वीस परत दिले.
साक्षीदार एक चहावाला भिला, एक मी.
सही झाल्यावर त्यांनी पेनानंच समासात लिहिलं:
ओठ कोरडे पडू देऊ नयेत. कापूस ओला ठेवावा.

एक प्रत नगरपालिकेत द्यायची असते.
तिथल्या बाबूनं उलटीसुलटी करून पाहिली,
हे कोणत्या टेबलाचं? जन्ममृत्यू का घरपट्टी?
पिशवी विसरली म्हणून सिस्टर परत आल्या, पाच वाजलेले.
जन्ममृत्यूवाला म्हणे, मेल्यावर या.
घरपट्टीवाल्यानं ठेवून घेतली.